पाठीमागची बाजू

दूरचित्रवाणी संचाच्या दर्शनी बाजूचे कौतुक सर्वचजण करतात. त्याच्या पाठीमागे डोकावून पाहण्याची हौस मात्र फार थोड्यांना असते. आणि त्यात नवल तरी कोणते? पुढे रंगांची उधळण, तर मागे धूळ, अंधार आणि वायरींचा गुंता! परंतु मला विचाराल तर संचाची खरी गंमत या पाठीमागच्या बाजूलाच आहे. पुढे जे जे दिसते, ते सारे आधी मागूनच आत यावे लागते.

माझ्या लहानपणी ही मागची बाजू अगदी साधी होती. भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीला झाला; मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या पुण्यातील वाड्यात पहिला संच आला. त्याच्या पाठीत एकच वायर शिरत असे. ती खिडकीतून बाहेर पडून कौलांवरच्या अँटेनापर्यंत जाई. चित्र अंधुक झाले की कोणीतरी वर चढे आणि अँटेना सिंहगडावरील मनोऱ्याच्या रोखाने फिरवू लागे. “आलं का?” असे तो वरून ओरडून विचारी. “आलं, आलं!... गेलं!” असा आम्ही मुले खालून एकच गिल्ला करीत असू. जोडणीचे सारे शास्त्र एवढ्यातच संपत असे.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी जो नवा संच आला, त्याची गोष्ट निराळी. त्याच्या पडद्यावर आडव्या ओळीत ३८४० आणि उभ्या ओळीत २१६०, म्हणजे एकंदर सुमारे ८३ लाख बिंदू आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचा रंग स्वतंत्रपणे ठरतो. हे महाशय भिंतीवर विराजमान होताच घरातील इतर यंत्रे जणू रांग लावून उभी राहिली. उपग्रहावरून कार्यक्रम आणणारा सेट-टॉप बॉक्स, आवाज भरदार करणारा लांबोडका साउंडबार, आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांचे खेळाचे यंत्र, आणि सर्वांच्या शेवटी, माळ्यावरून जुन्या धोतरात गुंडाळून खाली आणलेला जडशीळ व्हीसीआर! तो आईने हट्टाने काढावयास लावला होता. त्याच्याबरोबर एक कॅसेटही होती.

संचाच्या पाठीत एकाच घाटाच्या तीन चपट्या खाचा होत्या. त्यांना एचडीएमआय म्हणतात. या जोडणीचे नियम २००२ च्या अखेरीस प्रथम ठरले. तिच्या तोंडाशी १९ इवल्या पट्ट्या असतात, आणि चित्र व आवाज ही दोन्ही आकड्यांच्या रूपाने एकाच वायरीतून जातात. मला यातील एक गोष्ट फार आवडली. वायर जोडली की यंत्र लगेच चित्र पाठवीत सुटत नाही. ते आधी संचाला विचारते, ‘आपण किती बिंदू दाखवू शकता? सेकंदाला किती चित्रे आपल्याला झेपतील?’ संच आपली कुवत कळवतो. आणि मग त्या बेताने चित्र येऊ लागते. हे सारे क्षणार्धात घडते. माणसे बोलण्यापूर्वी इतकी विचारपूस करीत नाहीत!

पहिला मान सेट-टॉप बॉक्सला मिळाला. चित्र झकास उमटले; साउंडबार मात्र मौनव्रत धरून बसला. चिरंजीवांनी बॅटरीच्या उजेडात मागची बारीक अक्षरे वाचून काढली, तेव्हा उलगडा झाला. तिन्ही खाचांतून चित्र व आवाज आत येतात. पण आवाज उलट दिशेने बाहेर पाठवण्याची सोय त्यांतील एकीलाच असते. ही सोय २००९ मध्ये निघाली आणि त्या खाचेजवळ ‘एआरसी’ अशी तीन अक्षरे छापलेली असतात. साउंडबारची वायर त्या खाचेत जाताच बातम्या सांगणाऱ्या बाईंचा आवाज खोलीभर घुमला.

खेळाच्या यंत्राने निराळेच नखरे केले. चित्र येई आणि मध्येच काळोख होई. दोष वायरीचा निघाला. पूर्ण बारकाव्याचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर वायरीतून सेकंदाला १८०० कोटी चिन्हांपर्यंत माहिती वाहून नेण्याची तयारी लागते. जुन्या वायरीला तेवढी ताकद नव्हती. बाहेरून पाहता दोन्ही वायरी सारख्याच काळ्या! नवी लावली आणि काळोख थांबला.

तिन्ही खाचा भरल्या, आणि व्हीसीआर तसाच जमिनीवर बसून राहिला. त्याच्या पाठीत दोनच गोल छिद्रे होती: एक पिवळे, ते चित्राचे, एक पांढरे, ते आवाजाचे. नव्या संचाला असली छिद्रेच नव्हती. या जातीचे यंत्र १९७६ मध्ये जपानात प्रथम विक्रीस आले आणि २०१६ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. त्यामुळे नव्या संचाने त्याची ओळख ठेवू नये, हे एका परीने बरोबरच होते. शिवाय अडचण केवळ छिद्राच्या आकाराची नव्हती. जुने यंत्र लहरींच्या भाषेत बोलते. प्रकाश वाढला की लहर चढते, अंधार झाला की उतरते. नव्या संचाला केवळ शून्य आणि एक एवढेच कळते. दोघांची गाठ घालून द्यायची, तर मध्ये दुभाषी हवा. असा दुभाषी बाजारात मिळतो; तो काडेपेटीहून थोडा मोठा असतो. मी तो आधीच आणून ठेवला होता. परंतु दुभाष्यालाही बसण्यास जागा हवी, आणि खाच तर एकही रिकामी नव्हती.

येथे त्या कॅसेटची हकिकत सांगितली पाहिजे. १९९१ च्या गणेशोत्सवात आमच्या वाड्यातील मंडळींनी एक नाटक बसवले होते. वाड्यातच राहणाऱ्या एका शिक्षकांनी ते लिहिले होते. आईची त्यात मोठी भूमिका होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वभावाने अतिशय भिडस्त; त्यांनी रंगमंचावर येण्यास साफ नकार दिला आणि विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करण्याचे काम पत्करले. गल्लीतल्या एका छायाचित्रकाराने त्या प्रयोगाचे चित्रण केले. अण्णांना जाऊन आता बावीस वर्षे झाली. त्यांची छायाचित्रे घरात पुष्कळ आहेत. पण त्यांचा आवाज या कॅसेटीखेरीज कोठेही उरलेला नाही. आमच्या चिरंजीवांनी तर तो कधीच ऐकलेला नव्हता.

“बाबा, माझं काढू का?” चिरंजीवांनी विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी आपल्या खेळाच्या यंत्राची नवीकोरी वायर उपसून काढली. एकाच खाचेत तीन-चार यंत्रे आळीपाळीने जोडून देणारी पेटीही मिळते. ती पुढे आम्ही आणलीच. पण त्या संध्याकाळी त्याने जे केले, ते मला फार बरे वाटले.

दुभाषी जागेवर बसला. पिवळी वायर पिवळ्या छिद्रात, पांढरी पांढऱ्यात. कॅसेट घरघरत आत गेली, आणि पडद्यावर वाड्याचा चौक, पताका, मांडव दिसू लागले. आई चष्मा पुसून पुढे सरकली.

“अग बाई! आम्ही सगळ्या इतक्या जाड होतो होय?”

जाडी कोणाचीच नव्हती. जुन्या चित्राची रुंदी व उंची यांचे प्रमाण ४ ला ३ असे. नव्या पडद्याचे १६ ला ९. संचाने ते चित्र दोन्ही अंगांनी ताणून आपल्या मापाचे केले होते. रिमोटवरून मूळ प्रमाण लावताच माणसे पुन्हा आपापल्या अंगाची झाली, आणि पडद्याच्या डाव्या-उजव्या कडेला दोन रुंद काळे पट्टे उरले. मधल्या चित्राला सुमारे ६२ लाख बिंदू मिळाले खरे. पण जुन्या पद्धतीच्या चित्राची मोजणी बिंदूंत केली, तर ती जेमतेम चार लाख पंधरा हजारांवर जाते, आणि या कॅसेटीत तर त्याहूनही कमी तपशील मावतो. एकेका जुन्या बिंदूच्या जागी नवे पंधरा! मधल्या जागा संच अंदाजाने भरून काढतो. परिणामी चेहरे पाण्याचा शिंतोडा पडलेल्या रांगोळीसारखे दिसत होते. लहान, जुन्या संचावर हेच चित्र अधिक नीटस दिसले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईला त्याची क्षिती नव्हती. ती एकेकाला ओळखत होती, नावे सांगत होती. दुसऱ्या अंकात तिचा प्रवेश आला. ती बोलता बोलता थांबली. क्षण, दोन क्षण गेले. प्रेक्षकांत चुळबुळ झाली. आणि मग डावीकडून, त्या काळ्या पट्ट्याच्या रोखाने, एक खर्जातला आवाज आला, “पण पत्र आलंच नाही तर?”

प्रॉम्प्टरचा आवाज इतका मोठा असू नये. प्रेक्षक खळखळून हसले. पडद्यावरची आई लाजली, सावरली, आणि तिने तेच वाक्य ठसक्यात म्हटले. त्या ८३ लाख बिंदूंपैकी एकावरही अण्णा नव्हते. ते सारेच्या सारे त्या एका पांढऱ्या वायरीतून आले होते.

“हे आजोबा?” चिरंजीवांनी हळूच विचारले.

आईने मान हलवली. मग म्हणाली, “पुन्हा लाव रे तेवढंच.”

मी रिमोट उचलला आणि थांबलो. कॅसेटीतील फीत वेगाने फिरणाऱ्या पिंपाला घासून जाते. दर खेपेला तिच्यावरचा चुंबकीय थर थोडाथोडा झिजतो. इतक्या वर्षांच्या फितीला तोच तुकडा पुनःपुन्हा सोसेल, याची शाश्वती कोणी द्यावी? मी आईला तसे समजावून सांगितले. तिने नाराजीने का होईना, एक दिवस थांबण्याचे कबूल केले.

दुसऱ्या दिवशी पिवळी व पांढरी वायर संगणकाकडे वळवली, आणि मध्ये या लहरींचे आकडे करून साठवणारे एक छोटे उपकरण लावले. संगणकाची वायर संचाच्या त्याच तिसऱ्या खाचेत गेली. हे काम घाईने उरकता येत नाही. नाटक दोन तास दहा मिनिटांचे. तेव्हा प्रत होण्यासही पूर्ण दोन तास दहा मिनिटे लागणार! तेवढा वेळ कोणी कशालाही हात लावायचा नाही, अशी चिरंजीवांनी घरात ताकीद दिली. संगणकावर पाहिले असते तरी चालले असते. पण आईने मोठा संच चालूच ठेवावयास सांगितला आणि दुसरा अंक सुरू होण्याच्या किती तरी आधीपासून ती समोर येऊन बसली. खेळाचे यंत्र त्याही दिवशी बाजूलाच राहिले.