आईचीं पत्रें

परमुलखांतील दुःखाची ओळख आपणांस बहुधा वर्तमानपत्रांतून होते. तेथें आंकडे असतात, नकाशे असतात. माणसें मात्र क्वचित् भेटतात. पॅलेस्टाईनविषयीं आमची ओळख अशीच होती. त्यामुळें मोना हातूम या पॅलेस्टिनी कलावतीची एक चित्रफीत पाहावयास बसलों, तेव्हां निशाणें, बंदुका व पडकीं घरें दिसणार अशी आमची खात्री होती. पडद्यावर दिसली ती स्नान करीत असलेली एक प्रौढ स्त्री. घरची मंडळी शेजारींच बसली होती. आम्हीं चटकन् मान खालीं घातली.

ती स्त्री म्हणजे मोनाबाईंची आई. हें कुटुंब मूळचें हैफाचें. १९४८ सालीं देश सुटला व तीं बैरूतला आलीं. तेथें १९५२ मध्यें मोनाबाईंचा जन्म झाला. वडील ब्रिटिश वकिलातींत नोकरीस होते. पण लेबनॉनचें ओळखपत्र या घरास कधीं मिळालें नाहीं. १९७५ मध्यें मुलगी लंडनला गेली असतां मागें लेबनॉनांत यादवी पेटली आणि परतीची वाट बंद झाली. ती तेथेंच राहून कला शिकली. पुढें १९८१ मध्यें ती घरीं आली, तेव्हां तिनें आईचीं हीं छायाचित्रें घेतलीं. आणि १९८८ मध्यें त्यांतून 'मेझर्स ऑफ डिस्टन्स', म्हणजे अंतराचीं मापें, ही पंधरा मिनिटांची चित्रफीत तयार झाली.

छायाचित्रांवर आईच्या पत्रांतील अरबी ओळी पसरल्या आहेत. आरंभीं त्या पडद्याप्रमाणें आईस झांकतात. टक लावून पाहिल्यास कांटेरी तारेप्रमाणें भासूं लागतात. मागें मायलेकींचें बोलणें व मनमोकळें हंसणें ऐकूं येतें. त्यावर मुलगी तींच पत्रें इंग्रजींत संथपणें वाचते. आई त्यांत गेलेल्या देशाविषयीं लिहिते आणि स्त्रीच्या देहाविषयींही निःसंकोच लिहिते. या छायाचित्रांमुळें वडील रुष्ट झाले. जणूं त्यांच्या एकट्याच्या मालकीची वस्तु आईनें मुलीस देऊन टाकली! तरीही चित्रें वापरण्यास आईची परवानगी आहे. वडिलांना मात्र कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं.

हें ऐकलें आणि आम्ही ओशाळलों. आमचा संकोच त्या वडिलांच्याच जातीचा होता. आधीं राजकीय कीं आधीं सामाजिक, हा वाद टिळक-आगरकरांच्या काळापासून आपण ऐकत आलों आहों. देश आधीं, बायकांचें मागाहून, असें म्हणणारे सर्वत्र असतात. मोनाबाई या दोन गाऱ्हाण्यांस रांगेंत उभें करीत नाहींत. ज्या आईचा देश गेला, तिच्या देहावरही तिची सत्ता पुरती मानली जात नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच पत्रांत येतात, कारण त्या एकाच जन्मांत आल्या.

त्यांच्या पुढील कृतींतही हेंच दिसतें. पुरुषांचा चौकडीचा रुमाल पॅलेस्टिनी लढ्याचें चिन्ह झाला. १९९३ ते १९९९ या काळांत त्यांनीं तो सुती कापडावर स्त्रियांच्या लांब केसांनीं भरला. कडेला ते केस मोकळेच लोंबतात. लढ्याच्या त्या वस्त्रांत बायका कोठें आहेत, हा प्रश्न तेथें न बोलतां विचारला जातो. १९९६ मध्यें जेरुसलेमला त्यांनीं नाबलुसच्या ऑलिव्ह तेलाच्या साबणाच्या दोन हजारांवर वड्या जमिनीवर मांडल्या आणि त्यांत बारीक तांबडे मणी रुतवून, ऑस्लो करारान्वयें पॅलेस्टिनी लोकांकडे सोंपवावयाच्या तुकड्यांचा नकाशा काढला. घरोघर मोरीवर ठेवावयाची ती वस्तु! पाणी लागलें कीं ती विरघळते, आणि तिच्यावर आंखलेल्या सीमाही तिच्याबरोबरच जातात.

चित्रफितीच्या शेवटीं आई कळविते कीं, जवळचें टपालघर स्फोटानें उद्ध्वस्त झालें आहे. आतां पत्रें पूर्वीसारखीं जाणार नाहींत. आमच्या घरांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आमच्या मुलीनें ती चित्रफीत पुन्हां आरंभापासून लावली. या खेपेस आम्हीं मान खालीं घातली नाहीं.