उद्या सकाळचं काम

खर्डा म्हटलं की इतिहासाच्या मास्तरांना ११ मार्च १७९५ ही लढाईचीच तारीख आठवते. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले हे सगळे एका बाजूला उभे राहिले, असं मराठेशाहीत पुन्हा घडलं नाही. समोरचा हैदराबादचा निजाम अली खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला. सुलतानजी निंबाळकरांनी बांधलेला तो किल्ला चांगला भक्कम होता, पण आत माणसं उदंड आणि पाणी तुटपुंजं. निजाम तहाला उतरला तो मराठ्यांच्या तोफांना जितका भिऊन, तितकाच तहानेनं कासावीस होऊन.

खर्डा ज्या तालुक्यात येतं त्या जामखेडभोवतीचा तहानेचा हा वेढा पुढंही उठला नाही. एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला धाराशिव, मधे नगर जिल्ह्याचा हा पार टोकाचा, पावसानं टाकलेला तुकडा. इथं पाणी नेहमी दोन कुलपांत राहिलं आहे. एक कुलूप आभाळाचं, दुसरं जातीचं. विहिरीला पाणी असलं तरी ते प्रत्येकाच्या घागरीत पडेलच असं नव्हतं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको जामखेडला आले ते या दुसऱ्या कुलपाची पूर्ण कल्पना असताना. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, शिक्षकाच्या घरात वाढलेले. मेबल जबलपूरच्या, वडील ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणारे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९६० मध्ये लग्न केलं तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की खेड्यातल्या सगळ्यात शेवटच्या माणसासाठी काम करायचं. लग्नाच्या दिवशी असं बरंच काही ठरतं. पुढं ते कुणी तपासत नाही. यांनी तपासलं.

आधी काही वर्षं ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. तिथं एक गोष्ट त्यांना बोचू लागली. जुलाबानं सुकलेलं मूल बरं करून घरी पाठवावं, तर काही आठवड्यांनी तेच मूल किंवा त्याचं भावंड पुन्हा दारात. दुखणी बहुतेक टाळता येण्यासारखी, आणि दवाखाना मात्र टाळता न येणाऱ्या वळणावर उभा. पुढं अमेरिकेत शस्त्रक्रियेचं आणि वैद्यकाचं शिक्षण झालं, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास झाला. तिकडंच राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. परत येऊन त्यांनी जिल्ह्यातला सर्वांत ओसाड भाग निवडला. तिथल्या पुढाऱ्यांनी बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा पण केला. काम सुरू झालं ते जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या जागेत.

मिशनच्या दवाखान्यातले ख्रिस्ती डॉक्टर गावात आले की नगर जिल्ह्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाटवायला आले का? हा प्रश्न नुसताच द्वेषातून येतो असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात विश्वासणाऱ्यांनी सोसलेलंही खूप आहे.

अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं ठाणं डिसेंबर १८३१ मध्ये उघडलं. आलेल्या मिशनऱ्यांपैकी विल्यम हार्वे पुढच्याच उन्हाळ्यात पटकीनं गेले. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती आणि त्यांचे भाऊ नारायण या ब्राह्मण बंधूंनी बाप्तिस्मा घेतला आणि नगर हादरलं. त्या काळी धर्म सोडणारा नुसता पंगतीला मुकत नसे. वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्कही जायचा. धर्मांतरितांचा वारसाहक्क राखणारा कायदा झाला तो १८५० साली. म्हणजे हरिपंतांच्या पिढीनं विश्वास धरला तो सरकारी आधार नसताना. ते नंतर नगरच्या मंडळीचे पाळक झाले. नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार १८२७ मध्ये अविवाहित बाई म्हणून मुंबईत उतरल्या होत्या, आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून ज्योतिराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे खुद्द फुल्यांनीच नोंदवलं आहे.

या लोकांची चरित्रं चर्चच्या स्मरणिकांत छापली जातात तेव्हा विरोध नेहमी एकाच दिशेनं येतो: बाहेरून. भिंतीच्या आत आपण, बाहेर ते. कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात म्हणून ‘केसरी’नं झोड उठवली, न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून जो झगडा चालला होता तो कमी आठवला जातो. त्रैक्याचा सिद्धांत जशाचा तसा गिळायला रमाबाई तयार नव्हत्या. कुण्या बिशपच्या शब्दापुढं आपली सद्सद्विवेकबुद्धी गहाण टाकायला तर मुळीच नाही. गुरुमाउलीला तो अहंकार वाटला. पुण्याच्या सनातन्यांना रमाबाई फार ख्रिस्ती वाटत होत्या, आणि वाँटेजला पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या.

नारायण वामन टिळकांची गोष्टही याच जातीची. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. घरच्यांनी जिवंतपणी सुतक धरावं तसं केलं. हे अपेक्षितच होतं. पण मिशनच्या नोकरीत राहून, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात लिहून, मराठी अभंगाच्या चालीत ख्रिस्ताला बसवणाऱ्या या कवीला शेवटी मिशनच्याच चौकटीत गुदमरायला झालं. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसंघ मांडला. त्यानंतर जेमतेम दोन वर्षंच त्यांना मिळाली.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला याहून अवघड काम आलं. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा त्या त्याच्यासोबत गेल्या नाहीत. कित्येक वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या, मग नगरला आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात वाढलेली ही बाई. नगर आणि राहुरीच्या दिवसांत तिच्या मनात हळूहळू एक हिशेब जुळला: देव माणसं घडवताना जात घडवत नाही, मग हे शिवू-शिवू नको कुठून आलं? त्यांनी आधी खाण्यापिण्यातला भेद सोडला आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये, राहुरीला घेतला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांत तो उलटा घडला. बाप्तिस्मा झाला आणि भेद उरलाच. महारवाड्यातून आलेले आणि मांगवाड्यातून आलेले विश्वासणारे एका बाकावर बसायला किती काळ कुरकुरले, हे नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या मंडळीत विचारावं.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धंमुर्धंसुद्धा झालं नव्हतं. दहा-अकरा अध्याय काय ते हातात. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय ओव्यांत लिहून ते पुढं नेलं. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या स्वतःच्या श्रद्धेविषयी भाषण करत नाहीत. प्लेगच्या छावणीतली कामं, मिशनमधली अनाथ पोरं, घरातला धान्याचा डबा रिकामा असताना नवऱ्यानं आणलेले पाहुणे, एवढंच सांगतात. वाचणाऱ्याला वाटतं की या बाईला श्रद्धा टिकवायला सवड तरी कुठं होती? कदाचित म्हणूनच ती टिकली. उद्या सकाळचं काम ठरलेलं असेल तर माणूस रात्री फार वेळ शंका कुरवाळत बसत नाही.

आरोळ्यांच्या जामखेडातही तेच दिसतं. १९७२ चा दुष्काळ पडला. मदत संस्थांकडून बोअर मारण्याची सोय झाली तेव्हा पाणी शोधणाऱ्या तज्ज्ञांना त्यांनी सांगितलं, आधी दलित वस्तीत शोधा. हापसे तिथं बसले. मग ज्यांच्या विहिरी दलितांना बंद असायच्या, त्यांच्याच लेकीसुना कळशी घेऊन वस्तीकडं चालू लागल्या. या युक्तीत थोडा खट्याळपणा होता हे कबूल करायला हवं. त्याबद्दल बायबलात वचन शोधत बसण्याची गरज त्यांना वाटली नसावी.

नर्सबाईंना खेड्यात मुक्काम करायला लावणं जमलं नाही, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, अनेक जणी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. बाळंतपण, लस, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे सगळं त्या शिकल्या. शिकायला जामखेडला जमायच्या तेव्हा जेवण एकत्र आणि रात्री एकाच मोठ्या वाकळेखाली झोप. वरच्या जातीच्या बाईला ती पहिली रात्र किती लांब वाटली असेल! गावी परतल्यावर विरोध झाला तो याच बायकांना. उंबऱ्याच्या आत घेईनात. घरचेच म्हणाले, तुला काय कळतंय डॉक्टरकीतलं? पुढारी, सावकार, आपल्या धंद्याला धक्का बसलेले वैदू आणि डॉक्टर यांचं डॉ. आरोळ्यांशी वाजलं तेही खरं. पण डॉक्टरांपाशी पदव्या होत्या, दारं बंद झाली तर परतायला वाट होती. गावातल्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचं होतं.

तिचं दार उघडलं ते मूल आजारी पडल्यावर, आणि तेही मध्यरात्री. आरोळ्यांच्या प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये या गावांतला अर्भकमृत्युदर हजारी १७६ होता. नव्वदच्या दशकात तो तिसाच्या आत आला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्येच या कामाची दखल एका पुस्तकात घेतली, प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेच्याही आधी. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ नावाच्या आरोग्यसेविका १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या; तिथल्या झुंबराकडं बोट दाखवून म्हणाल्या की ते महाग आहे, गरिबाला परवडत नाही, आणि मी साधी पणती आहे, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते.

श्रद्धेचा प्रचार म्हणावा असं यात काय आहे? चर्चची माणसं कधी कधी हा प्रश्न थोड्या तक्रारीच्या सुरात विचारतात, की किती आत्मे जिंकले? आणि बाहेरची माणसं संशयानं विचारतात, की किती बाटवले? प्रश्न एकच आहे, आणि त्याला जामखेडात उत्तर देण्याची पद्धत नव्हती. औषधाला धर्माची अट कधी जोडली गेली नाही. दोन्हीकडच्या विचारणाऱ्यांना निराश करत राहणं, हाही चिकाटीचाच एक प्रकार.

यशकथा म्हणून मात्र हे सारं सांगता येत नाही. जामखेडपासून खर्डा फार लांब नाही, तालुका एकच. एप्रिल २०१४ मध्ये त्याच खर्ड्यात बारावीच्या वयाच्या एका दलित मुलाला, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या रागातून, भर दिवसा हाल करून मारलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फिरले होते. एका वाकळेखाली झोपलेल्या बायकांच्या तालुक्यात हे घडलं, चार दशकांच्या कामानंतर. जे काम करतात त्यांना असा दिवस विरोधकांच्या दगडापेक्षा जास्त लागतो, कारण त्यात आपलं काम कुठवर पोहोचलं नाही ते दिसतं.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम त्यांची मुलं शोभा आणि रवी यांनी पुढं चालवलं. देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला येतात आणि त्यांना शिकवायला उभ्या राहतात त्या बऱ्याचदा जेमतेम सही करता येणाऱ्या आरोग्यसेविका. २००५ नंतर सरकारनं गावोगाव ‘आशा’ नेमल्या. त्यांच्या मानधनाची रड संपलेली नाही, तरी गावात पहिलं दार त्यांच्यासाठीच उघडतं. त्यांतल्या कुणालाही जामखेडच्या त्या पहिल्या बायकांविषयी विचारलं तर नावं सांगता येतीलच असं नाही; लसीकरणाचा वार कोणता, हे मात्र न चुकता सांगता येतं.