तापीच्या मुखापर्यंत

आमच्या वहिनींस समुद्र पाहावयाचा होता. वय ७४, गुडघे दुखरे. आई गेल्यावर मला वाढविलें तें त्यांनींच. तेव्हां ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ असें म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

अमळनेरकरांस समुद्र म्हटला कीं मुंबई आठवते. वस्तुतः आपली बोरी तापीस मिळते, तापी सुरतेपलीकडे सागरास. आणि आगगाडीही तिकडेच जाते. रात्रीं निघून सकाळीं सुरत गांठावी, तेथून डुमस वीसेक किलोमीटर. नवसारीजवळील दांडी, जेथें ६ एप्रिल १९३० रोजीं गांधीजींनीं मीठ उचललें, तीही यादींत होती, वेळेअभावीं गाळली.

गाडी, औषधें, फराळाचा डबा, सारें टिपलें; ओहोटीचा विचार मात्र राहिला. खंबायतच्या आखातांत पाणी फार दूर सरतें. दुपारीं पोहोंचलों तों समोर काळी वाळू आणि चिखल!

“भावोजी, समुद्र कुठें आहे?”

भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते, हें जन्मभर फळ्यावर लिहिलेला मी निरुत्तर झालों.

मग बसून राहिलों. डुमसचीं टोमॅटोचीं भजीं प्रसिद्ध आहेत. बाहेरचें कधीं न खाणाऱ्या वहिनींनीं दोन खाल्लीं. सकाळीं सुरतेस पोंक पाहून मात्र त्या हंसल्या होत्या: हा तर आपला ज्वारीचा हुरडा!

सायंकाळीं पाणी आलें. वहिनींनीं पावलें भिजविलीं, ओंजळ भरली आणि विचारलें, “यांत आपल्या बोरीचें किती असेल हो?”

परतीची गाडी आम्हांस मिळाली नाहीं.