आडनाव, सातबारा आणि शीळफाट्याचे घर

आम्ही नवराबायको दोन वर्षांपासून शीळफाटा, दिवा, डोंबिवली या पट्ट्यात घर शोधतोय. दोघांच्या पगारात मुंबईत घर होत नाही, म्हणून इथे. कल्याण-शीळ रस्त्यावर कमानीआड टॉवर उभे आहेत, आणि आतल्या गल्ल्यांत नोटरीच्या कागदावर मिळणारी स्वस्त घरे आहेत.

या स्वस्त घरांकडे आपले लोक वळतात ते अज्ञानामुळे, असे म्हणणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. नाका कामगाराकडे, घरकाम करणाऱ्या बाईकडे पगाराची पावती नसते. पावती नाही म्हणून बँक दारात उभे करत नाही. मग जो हप्त्याने पैसे घेतो त्याच्याकडेच माणूस जाणार ना? 4 एप्रिल 2013 ला इथेच, शीळ-दायघरला, काही महिन्यांत उभारलेली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. त्यात तीच इमारत बांधणारे मजूर होते, त्यांची लेकरे होती.

बरे, कागद बघून घेणारे तरी सुटले का? डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली. लोकांनी तो नंबर पाहून, कर्ज काढून घरे घेतली. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडायला सांगितले. बेघर व्हायची पाळी कोणावर आली, हे वेगळे सांगायला नको.

आमच्यापुढे याशिवाय आणखी एक दार आहे. एका जुन्या फ्लॅटचा व्यवहार जवळपास ठरला होता. एजंटने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग "घरात फोटो कोणाचा लावता?" आम्ही सरळ सांगितले, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा. दुसऱ्या दिवशी मालकाचा विचार बदलला. जाहिरात मात्र महिनाभर तशीच होती.

याला कायद्यात उत्तर काय? संविधानाचे कलम 15(2) दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांची नावे घेते. राहत्या घराचे नाव त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबादच्या एका सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. 1917 मध्ये बडोद्यात परदेशी पदवी घेऊन आलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले, ते आठवा. अ‍ॅट्रॉसिटीच्या कलमांवर बोलणारे आपले वकील-कार्यकर्ते घरनाकारणीवर एवढे गप्प का, हा आमचा प्रश्न आहे. स्वतंत्र कायद्याची मागणी आपल्या मोर्च्यांत का दिसत नाही?

तोवर आम्ही आमच्या परीने चाललोय. सातबारा स्वतः काढतो, भोगवटा प्रमाणपत्र मागतो, नंबरावर विसंबत नाही. सध्या दिव्यातल्या एका इमारतीच्या बांधकाम परवानगीसाठी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. उत्तराची मुदत तीस दिवसांची. एजंट म्हणतो, टोकन उद्याच द्या, गिऱ्हाईक रांगेत आहे. टोकन अजून दिलेले नाही.