शिवसागराच्या काठी

बेळगावहून महाबळेश्वरला जाणारे पुष्कळ. घाट उतरून तापोळ्याला जाणारे थोडे. कोयना आणि सोळशी इथे भेटतात आणि शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगरांच्या कुशीत लांबवर शिरतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे प्राध्यापक तिथे तंबू ठोकून राहिलो. सकाळी लाइफ जॅकेट घालून कयाक पाण्यात लोटली. एकाच बाजूला जोर लावला की ती गिरकी घेते. डावं-उजवं वल्हं लयीत पडलं की आपसूक सरकते.

सोबतीला होडीतून आलेले मामा सहज म्हणाले, "सर, आमची भातखाचरं हितंच खाली हायती."

१९६०च्या दशकात कोयना धरणानं पाणी अडवलं आणि गावं उठली. कुणी वर डोंगरात सरकलं, कुणी पार ठाणे, सोलापूर जिल्ह्यांत गेलं. वीज मात्र आपल्या घरांत आली.

रात्री शेजारच्या तंबूतल्या मुलांनी स्पीकर लावला. जाऊन त्यांना मामांची गोष्ट सांगितली. त्यांनी तो आपणहून बंद केला.

तुम्हीही जा. वल्हवा, मुक्काम करा. कचरा परत आणा, आणि होडीवाल्याला त्याच्या जुन्या गावाचं नाव जरूर विचारा.