आईची हाडे आणि आमचा तक्ता

वर्गाच्या बाईंनी पत्रिकेसाठी लेख मागितला तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. आमचे मराठी लेखन वाणसामानाच्या यादीपलीकडे फारसे जात नाही. शेवटी असे ठरवले की गेल्या वर्षभरात आमच्या घरी ज्या विषयावर सर्वांत जास्त मराठी बोलले गेले, त्यावरच लिहावे. तो विषय म्हणजे आईची हाडे. मुलांनो, वर्गाच्या स्नेहसंमेलनात नाचणीचे लाडू वाटणारी आजी तुम्हाला आठवत असेल, तीच ही.

आई उन्हाळा-पावसाळा साताऱ्यात काढते आणि दिवाळी झाली की आमच्याकडे झल्लाकला येते. गेल्या खेपेला चौथ्याच दिवशी बाथरूममध्ये घसरली. हात टेकला आणि मनगट मोडले. प्लॅस्टर झाले, पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. नुसते उभ्याचे पडून हाड मोडले, म्हणजे हाडेच ठिसूळ झाली असावीत, असे म्हणून त्यांनी डेक्सा तपासणी करायला लावली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर आला उणे २.९. निरोगी तरुण स्त्रीच्या हाडांशी तुलना करून हा आकडा काढतात, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. शिवाय ड जीवनसत्त्वही कमी निघाले. साताऱ्याचे आणि बहारीनचे ऊन वाट्याला येऊनही! पण ऊन अंगावर घ्यावे लागते, बंद खिडकीच्या काचेतून बघून भागत नाही.

आमच्यापैकी जो संगणकावर पोट भरतो, त्याने त्याच रात्री तक्ता मांडला. आडव्या ओळींत औषधे, उभ्या रकान्यांत फायदा, त्रास, खर्च. आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, सहा महिन्यांनी एकदा कातडीखाली टोचायचे डेनोसुमॅब. रोज टोचायचे टेरिपॅराटाइडही होते, पण ते आईला इतक्यात नको, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती ओळ पुसली.

मग आकडे भरले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांमध्ये औषध न मिळालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ११ जणींचा मणका मोडला, वर्षाकाठी शिरेतून औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ३ जणींचा. खुब्याचे आकडे लहान आहेत: शंभरात अडीच, आणि औषधाने दीडच्या आत. गोळीचा १९९६ सालचा अभ्यास आधीच मणका मोडलेल्या स्त्रियांचा, तिथे १५ वरून ८. (दोन अभ्यासांतल्या स्त्रिया वेगळ्या, म्हणून हे आकडे एकमेकांसमोर ठेवून कोण जिंकले ते ठरवता येत नाही. आम्ही आधी नेमके तेच करत बसलो होतो.)

आईला हे सगळे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे शंभरातल्या एकोणनव्वद जणींना औषध न घेताही काही झालं नाही?"

झाले नाही, हे खरेच होते.

"आणि मी त्यातली की अकरातली, ते तुझ्या तक्त्यात कुठं आहे?"

ते कुठेच नव्हते. साताऱ्याच्या शेजारणीने फोनवर तिच्या मनात आणखी एक भीती घातली होती: या औषधांनी मांडीचे हाड मोडते. हेही अगदीच खोटे नाही. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या थोड्या जणींना तसे होते, आणि बरेचदा आधी मांडीत किंवा जांघेत दुखते. जबड्याचे हाड न भरण्याचा त्रासही विरळा असतो. कर्करोगासाठी हीच औषधे खूप मोठ्या प्रमाणात देतात, तिथे तो जास्त दिसतो. डॉक्टरांनी या गोष्टी लपवल्या नाहीत. ते म्हणाले, आधी दात दाखवा, तीन वर्षे औषध घ्या, मग थांबायचे का ते पुन्हा तपासून ठरवू.

गोळी आईला स्वतःला पसंत होती. पण ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहासुद्धा प्यायचा नाही. आठवड्यातून एक दिवस पाचचा चहा सोडायला ती तयार झाली. तिच्या जुन्या अ‍ॅसिडिटीमुळे डॉक्टर तयार झाले नाहीत.

आम्हाला सहामाही इंजेक्शन आवडले होते. एक दिवाळीनंतर इथे, दुसरे साताऱ्यात. जणू आईच्या वेळापत्रकासाठीच काढलेले! पण त्याची तारीख फार लांबली किंवा ते मध्येच बंद केले, तर त्याचा परिणाम झपाट्याने उतरतो, हाडांची झीज उलट वाढते आणि एकापाठोपाठ एक मणके मोडू शकतात. बाकीची दोन औषधे हाडातच बराच काळ मुरून राहतात. थोडा उशीर झाला तरी ती सांभाळून घेतात.

हे ऐकले आणि आम्हाला २०२० चा मार्च आठवला. विमाने बंद झाली तेव्हा आई इथेच होती. परत जायला महिनोन् महिने लागले, रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा इथल्या डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्याव्या लागल्या. संगणकाच्या कामात आम्ही रोज विचारतो की हे चालेल का, आणि बंद पडले तर काय होईल. तक्त्यात तो दुसरा रकानाच नव्हता. तो घातल्यावर आमचे आवडते औषध आमच्या घरासाठी सर्वांत खाली गेले. एकाच गावात राहणाऱ्या, तारीख न चुकवणाऱ्या माणसाचा तक्ता वेगळा येईल.

तरी होकार आईचाच हवा होता. तो तिने जेवताना, भाजी वाढता वाढता दिला. "सासूबाई खुबा मोडून दोन वर्षं खाटेवर होत्या. मी केलंय त्यांचं सगळं. पाठ दुखली तर सोसेन, पण तसं पडून राहायचं नाही मला. अडीचाचे दीड तर दीड."

हलणारी दाढ काढली, जखम भरू दिली, ड जीवनसत्त्व भरून काढले, मूत्रपिंडाची तपासणी केली (ती ठीक नसेल तर हे औषध देत नाहीत), आणि जानेवारीत अर्ध्या तासात ती बाटली चढवून झाली. पहिल्या वेळी साधारण तिघींपैकी एकीला ताप-कणकण होते, हे आम्ही वाचले होते. आई त्या एकीतली निघाली. रात्री १०१ ताप, अंग मोडून आलेले. पॅरासिटामॉल देऊन आम्ही आळीपाळीने उशाशी बसलो. आपण हिला भरीला घातले, असे दोघांनाही वाटत होते आणि कोणी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने मऊ भात आणि मेतकूट मागितले.

औषध लागू पडले का, ते अजून सांगता येत नाही. हाड न मोडणे दिसत नाही. पुढची बाटली येत्या जानेवारीत आहे. दरम्यान तक्त्याची प्रत आईने मागून घेतली आणि तळाशी पेनाने एक ओळ वाढवली: "बाथरूममध्ये धरायला दांडी – डिसेंबरपासून सांगत आहे." ती या शुक्रवारी बसवायची आहे. ड्रिल मशीन कोणाकडे असल्यास वर्गाच्या वेळी घेऊन यावे, ही विनंती.