कराराचा कागद

कोरियन प्रेमचित्रकथांमध्ये एक पात्र भलतंच मानी आहे: कराराचा कागद. दोघांचं अजून धड बोलणंही झालेलं नसतं, तेवढ्यात हा टेबलावर येऊन बसतो. खोल्या वेगळ्या, मुदत एक वर्ष, चारचौघांत नवरा-बायको, आणि प्रेमात पडायचं नाही. या शेवटच्या अटीचा त्याला विशेष अभिमान.

घराणं जुनं आहे. वॉन सू-यॉन यांची ‘फुल हाउस’ नव्वदच्या दशकातली. २००४ साली तिच्यावर मालिका निघाली. तिच्यात लेखिका असलेल्या नायिकेच्या वडिलांनी बांधलेलं घर एका नटाच्या हाती जातं आणि घरासाठी ती त्याच्याशीच कराराचं लग्न करते.

आजारपण मात्र या कागदाला सोसत नाही. तापलेल्या कपाळावर ओली पट्टी कुणी ठेवायची याचं कलम त्याच्यात नसतं. पट्टी ठेवली गेली की याचा धाक संपलाच. बिचारा मुदतीची तारीख दाखवत राहतो.

कधी तो कागदावर उतरतही नाही. ‘द रीमॅरिड एम्प्रेस’ या चित्रकथेतली सम्राज्ञी नेव्हिए घटस्फोट स्वीकारते आणि त्याच दमात पुनर्विवाहाची परवानगी मागते. तिला सम्राज्ञीचं काम सोडायचं नसतं, आणि हे ती लपवत नाही. त्याचं हे रूप मला सगळ्यात आवडतं.

मराठीतही तो येऊन गेला. २०१२ साली झी मराठीवर, सतीश राजवाड्यांच्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये, घना-राधाने घरच्यांच्या आग्रहापोटी लग्न केलं, काडीमोड आधीच ठरवून. कायद्याचं ज्ञान मात्र या कागदाचं बेताचं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात पहिलं वर्ष सरेपर्यंत सहसा घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही, आणि संमतीने व्हायचं तर वर्षभर वेगळं राहावं लागतं.

हा कागद नंदुरबार जिल्ह्यात आला, तर त्याची गाठ जाणत्या मंडळींशी पडेल. इथे सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मुलाकडच्यांनी द्यायचं देज पंचांसमोर तोंडी ठरतं. ते झेपत नसेल तर मुलाने सासऱ्याच्या घरी राबायचं, अशीही रीत आहे. बाकीच्या समाजांत याद्या होतात: मानपान, कपडे, जेवणावळ, खाली वडीलधाऱ्यांच्या सह्या. व्यवहार लपवायची सवय इथे कुणालाच नाही. पण लग्न ज्यांचं, त्यांचं अक्षर त्या यादीत नसतं. कोरियन कागदाचा मोठेपणा इथे कळतो. त्याच्या अटी त्या दोघांनीच घातलेल्या असतात, भांडून, खोडून, पुन्हा लिहून.

यादीच्या बैठकीला त्याला एकदा बोलवायला हवं. मुलगी नोकरी चालू ठेवणार का, तिचा पगार कुणाच्या खात्यात जाणार, तिच्या आईवडिलांचं म्हातारपण कोण बघणार, हे तो भीड न ठेवता विचारेल. मामा-काका उत्तर द्यायला सरसावले, तरी तो त्या दोघांकडेच बघत बसेल.